कूलरच्या खोलीतला ट्रॅक्टर

माझे सासरे लेकीच्या घरचं काही घेत नाहीत. चहा पितात, पण उठताना माझ्या बायकोच्या हातावर काहीतरी ठेवतातच. कधी नोट, कधी पिशवीभर तूरडाळ, आणि एकदा घाईत होते तर खिशातली दोन संत्री. जुनी रीत आहे आणि वलगावला त्यांच्या घरी ती अजून पाळतात. लग्न झाल्यापासून मी शर्टाचं कापड, घड्याळ, चांगली चंदनी मुठीची काठी, अगदी गुडघ्याला लावायचं तेलसुद्धा देऊन पाहिलं. सगळं हसतमुखानं परत आलं. तेलाच्या बाटलीचं तर सीलही तुटलेलं नव्हतं.

एकदा तरी त्यांना माझ्या हातून काही घ्यायला लावायचंच, असं मी मनाशी धरून बसलो होतो. यंदा धोंड्याचा महिना ऐन उन्हाळ्यात आला. जावयाला जेवायला बोलावतात तो हा महिना. त्या दिवशी पाट मांडलेला असताना मी त्यांच्या तळहातावर त्यांचा पहिला ट्रॅक्टर ठेवणार होतो. तो लाल ट्रॅक्टर विकला त्या दिवशी सासरे सकाळपासून शेतात जाऊन बसले होते. नेताना बघायचा नव्हता.

मी अकोल्यात नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात प्लास्टिकची छोटी मॉडेलं जोडतो. विमानं, रणगाडे, जहाजं. सासरच्या भाषेत, ‘जवाई खेळण्यात रमते.’ एक परदेशी ट्रॅक्टर मागवला, सासऱ्यांच्या ट्रॅक्टरचा जुना फोटो पाहून कापला, घासला, चिकटवला आणि वलगावचा करून टाकला. आता फक्त रंग राहिला होता. रंग गुळगुळीत यायला हवा म्हणून एअरब्रश घेतला. ही पेनाएवढी पिचकारी असते. मागून हवा सोडली की पुढून रंगाचं धुकं निघतं. ती घरी आणून डबा उघडल्यावर ध्यानात आलं, की मागून सोडायला हवाच नाही. म्हणजे मी बंडी घेतली होती आणि बैल विसरलो होतो.

आधी टायरात हवा भरायचं गाडीतलं यंत्र लावून पाहिलं. त्याची हवा उचक्या देत यायची, म्हणून रंगही उचक्या देत पडायचा. शिवाय ते इतकं ओरडायचं की खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला आल्या, “एवढं तिखट कुटून राहिले, मंग आमाले ठसका कसा नाई लागला?”

मग सासुरवाडीला गेलो असताना मी अमरावतीत एका हार्डवेअरच्या दुकानात शिरलो.

“काय रंगवाचं हाय?” दुकानदारानं विचारलं.

“ट्रॅक्टर.”

त्यानं मला सरळ मागच्या गोदामात नेलं. तिथं चाकांवर उभा असलेला, म्हशीच्या वगारीएवढा एक कंप्रेसर होता. त्याच्या पाठीवर थाप मारून तो म्हणाला, “हे घेऊन जा. ट्रॉलीसकट रंगवा.”

“एवढा मोठा नाई लागत.”

“छोटा ट्रॅक्टर हाय काय?”

मी तळहात पुढे केला. “एवढा हाय.”

त्यानं तळहाताकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. मग गल्ल्यावरच्या भावाला हाक मारली, “अबे, इकडे ये नं. हे भाऊ काय म्हणून राहिले, आयक जरा.” भावासमोर मला तळहात पुन्हा दाखवावा लागला.

हसून झाल्यावर त्यांनी कोपऱ्यातून एक लहान कंप्रेसर काढला. खाली टाकी, वर मोटर, आवाज म्हणाल तर म्हाताऱ्या माणसाच्या घोरण्याइतका. टाकीत हवा साठत असल्यामुळे उचकी नाही, दाब कमी-जास्त करायला बटण. मला तो बघताक्षणी आवडला. “नळीवर ही वाटी बसवून घ्या,” दुकानदार म्हणाला, “हवेतलं पाणी अडवते.”

दाबलेल्या हवेतून पाणी सुटतं, वाटीशिवाय बसू नका, असं इंटरनेटवरच्या झाडून सगळ्या शहाण्यांनी सांगून ठेवलं होतं. पण आता हसायची पाळी माझी होती. “भाऊ, मी अकोल्याचा. मे महिन्यात आमच्या नळाले पाणी येत नाई, तं हवेत कुठून येईन?”

दोघं भाऊ पुन्हा हसले. या वेळी माझ्या बाजूनं. मी वाटी न घेता, छाती फुगवून घरी आलो.

पहिला हात असा बसला की मी बायकोला स्वयंपाकघरातून ओढत आणलं. दुसऱ्या हाताला मात्र पिचकारी थुंकली. लाल बोनेटवर पाण्याचे थेंब पडले आणि प्रत्येक थेंबाखालचा रंग उडून पांढरं प्लास्टिक दिसायला लागलं. मी रंगाला दोष दिला आणि बाटली बदलली. पिचकारीला दोष दिला आणि ती खोलून सुईपर्यंत धुतली. ती नव्या जोमानं थुंकली.

बायको दारात उभी राहून बघत होती. “या खोलीत मी पापडाचा डबा काहून नाई ठेवत, सांगा बरं?”

“काहून?”

“नरम पडतात म्हणून. दिवसभर कूलर चालू असते इथं.”

मी मागे वळून पाहिलं. कंप्रेसर मी नेमका कूलरच्या तोंडापुढे ठेवला होता. मशीन तापू नये म्हणून, बरं का! बाहेर अख्खं अकोलं भाजत होतं आणि मी एका खोलीत, स्वतःच्या खर्चानं, पावसाळा तयार करून तो टाकीत भरत होतो.

कूलर बंद केला. पाच मिनिटांत खोलीची भट्टी झाली. आता रंग बोनेटपर्यंत पोचायच्या आधीच हवेत वाळायचा आणि पिठासारखा भुरभुरायचा. खाली वाकून बघायला गेलो तर नाकाच्या शेंड्यावरून घामाचा टपोरा थेंब बरोबर बोनेटवर. कूलर लावावा तर यंत्र थुंकतं, बंद करावा तर मी गळतो. शेवटी हात टेकले आणि ती वाटी मागवली.

ती यायच्या आत सासरे आले, धोंड्याच्या जेवणाचं निमंत्रण घेऊन. मी धावत जाऊन ट्रॅक्टरवर पातेलं उपडं घातलं. पण ते पाणी पिऊन कूलरच्या खोलीत टेकले आणि त्यांची नजर कंप्रेसरवर गेली.

“हे काय होय, जवाईबापू?”

“हवेचं मशीन, मामाजी.”

“टायरात हवा भरते?”

“भरते.”

“ट्रॅक्टरचं एअर फिल्टर साफ होईन?”

“होईन की.”

“फवारणी पंपाचं नोझल?”

“तेही होईन.”

त्यांनी कंप्रेसर चालू करून हवेचा झोत स्वतःच्या चपलेवर मारला. मग धोतराच्या काठावर. मग कूलरवरच्या धुळीवर. ती सगळी उडून माझ्या तोंडावर आली. इतकं खूश मी त्यांना माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं. “पहिल्यांदा कामाची वस्तू घेतली तुमी,” ते म्हणाले आणि कुतूहलाच्या त्याच भरात पातेलं उचललं.

त्यांनी पातेलं बाजूला ठेवलं.

“हा... आपला?”

“हो, मामाजी.”

ते खाली वाकले. बोटाच्या टोकानं स्टिअरिंगला शिवले. मग म्हणाले, “याले देवी काहून आल्या?”

मी कूलरपासून सगळं सांगितलं. “नीट करा,” त्यांनी पातेलं जपून परत ठेवलं. “आन हे मशीन मी नेतो वलगावले. घेत नाई, हां! वापराले नेतो.” बायकोच्या हातावर नेहमीपेक्षा मोठी नोट ठेवली आणि कंप्रेसर लेकरासारखा काखेत घेऊन निघाले. माझ्या हातून काहीतरी नेलं बुवा एकदाचं, म्हणून मी दारापर्यंत हात जोडून गेलो. परत फिरलो तेव्हा कळलं, काय नेलं ते.

धोंड्याच्या दिवशी पाटावर बसून मी पुरणाचे धोंडे खात होतो आणि अंगणात सासरे फिल्टरवर हवा मारत होते. मी तोंड उघडलं तशी बायकोनं मांडीला चिमटा काढला. “धोंड्याच्या महिन्यात जवाई सासऱ्याले दिलेलं वापस मागते? लोक काय म्हणतीन?”

“दुसरा घेऊ मंग?”

“घ्या. तोही नेतीन.”

पाणी अडवायची वाटी आली आहे. एअरब्रश आहे, रंग आहे, ट्रॅक्टर आहे. ब्रशनं रंगवून पाहिला, तर शेणानं सारवल्यासारखा दिसला, म्हणून पुसून टाकला. आणि दर रविवारी सासऱ्यांचा फोन येतो.

“जवाईबापू, आपला ट्रॅक्टर झाला काय?”

“होऊन राहिला, मामाजी.”

“घाई करा. टीव्हीपाशी जागा करून ठेवली मी.”

त्यांच्या आवाजामागे, म्हाताऱ्या माणसाच्या घोरण्याइतकी, माझ्या कंप्रेसरची घरघर ऐकू येत असते.