भाजलेल्या मातीची डबी

देवकाते सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी मातीच्या डब्यांत अळ्या सोडत होते. एका डबीत दहा. सहावी सोडली नि पुढचं काही आठवेना... मग ती डबी बाजूला ठेवून पुन्हा पहिल्यापासून मोजलं. सरांच्या हाताखाली शंकेचं काम पुढं ढकलायची सवय राहिली नव्हती. त्या फोनला आता पाच आठवडे झाले.

मी भंडाऱ्याकडची. सातवीत शाळा सुटली, लग्नानंतर नवऱ्याच्या कामामागं सोलापुरात आले. सात रस्त्याजवळच्या खोलीतून निघताना रोज वाटायचं, आज आपल्याला काढणार. काम होतं देवकाते सरांच्या हाताखाली शेतांतली माती तपासायचं. मातीत नुसत्या डोळ्यांना न दिसणारे सूत्रकृमी असतात. काही पिकाची मुळं खातात, पण काही उसातल्या हुमणीसारख्या किडीत शिरून तिलाच मारतात. हे दुसरे कुठल्या शेतात आहेत, ते सर शोधायचे. त्यासाठी आणलेल्या मातीत मेणकिड्याच्या, म्हणजे मधाच्या पोळ्यात पडणाऱ्या किडीच्या अळ्या चिमट्यानं सोडायच्या, कधी मी, कधी सर. काही दिवसांनी अळी विटकरी होऊन मेली आणि तिला घाण वास नसला, की समजायचं, सापडले.

शेतकऱ्यांना आमचा संशय यायचा. करमाळ्याकडचे एक आजोबा पिशवी धरूनच बसले. म्हणाले, "आज माती न्हेताय, उद्या सातबारा न्ह्याल की." सर हसत हसत त्यांच्याच बांधावर भाकरी सोडून बसले. मला हसू आलं नाही, कारण माझाही सरांवर विश्वास नव्हता.

दर खेपेच्या चाळीस डब्यांत एक डबी खोटी असायची. सर स्वतः तव्यावर माती भाजायचे, तिच्यातलं सगळं जिवंत मरेपर्यंत. मग कुठल्यातरी गावाचं नाव चिकटवून ती डबी माझ्या डब्यांत मिसळायचे. मला सांगितलं नव्हतं. पण चुलीपुढं वाढलेल्या बाईला भाजक्याचा वास कळत नाही होय? त्या डबीत अळी विटकरी झाली, तर दोष मातीचा नाही, हाताचा. चिमटा ज्योतीवर न तापवता एका डबीतून दुसऱ्या डबीत गेलेला. मला वाटायचं, हा सापळा माझ्यासाठीच लावलाय.

आणि एकदा त्या डबीत चार अळ्या विटकरी निघाल्या. मी इकडंतिकडं पाहिलं, त्या फेकल्या आणि जिवंत चार आत सोडल्या. सरांनी वहीत लिहिलं, सगळ्या जिवंत. त्याच खेपेत कुर्डुवाडीकडच्या एका बाईंच्या मातीत सूत्रकृमी निघाले होते. त्यांच्या उसात हुमणी होती. यंदा औषध टाकू नका, मातीच काम करील, असं सांगायला सरांनी फोन हातात घेतला. ते किडे माझ्या चिमट्यानं तिथं गेले असले, तर त्या बाईंचा ऊस जाणार.

"सर, भाजक्या डबीतल्या अळ्या मी बदलल्या जी," मी म्हणाले.

सरांनी फोन खाली ठेवला. म्हणाले, "ती डबी तुमच्यासाठी न्हाय ओ, वंदनाबाई. मला हल्ली ज्योत धड दिसत न्हाय. चिमटा तापला का न्हाय, माझं मलाच कळंना. माझ्यावर नजर ठेवायला हाय ती."

त्या खेपेचं सगळं काम सरांनी रद्द केलं. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा कुर्डुवाडीला जाऊन माती आणली. यावेळी बाईंच्या मातीत एकही अळी विटकरी झाली नाही. सरांनी त्यांना खरं ते कळवलं. मला काढलं नाही, की कधी त्यावरून बोलून दाखवलं नाही. उलट डब्यांवरची गावं त्या दिवसापासून माझ्या अक्षरात लिहायला लावली. भाजकीचं तेवढं तेच लिहायचे. सातवी शिकलेल्या बाईला याहून मोठं काय मिळायचं असतं?

तरी संशय सुटला नाही. दोनच आठवड्यांनी माझी पिशवी उसवली, तेव्हा सुईत दोरा सरांनीच ओवून दिला होता. चष्मा न लावता, पहिल्या झटक्यात. मग ज्योत कशी दिसत नव्हती?

फोन आला त्या दिवशी समोरच्या चाळीस डब्या सरांनीच आदल्या दिवशी माती भरून लावलेल्या होत्या. मी एकेक उघडून वास घेतला. भाजकी एकही नव्हती. तवा धुऊन खिळ्याला टांगलेला. विसरले असतील, की आता गरज नाही असं वाटलं असेल... विचारणार कुणाला?

मी तवा उतरवला नि माती भाजली. तेव्हापासून दर खेपेला मीच भाजते. डबीवर लिहायला खोटं गाव काही सुचत नाही. म्हणून माझंच गाव लिहिते.