माठाखालचे चिरूट

माझ्या वडिलांना बिडी कुरकुरीत लागायची. पावसाळ्यात बंडल चुलीच्या कडेला असे आणि ते कोणी हलवलं तर घर डोक्यावर घेत. म्हणून मस्कतला हॉटेलात लागलेल्या माझ्या भावानं कोणाबरोबर तरी चिरुटांची लाकडी पेटी पाठवली, तेव्हा आईनं तीही चुलीशीच ठेवली. आठवड्याभरात एक चिरूट उभा तडकला.

आमच्या शेजारी निवृत्त हवालदार राहायचे. देवळालीच्या लष्करी मेसमध्ये त्यांनी साहेबांचे चिरूट सांभाळले होते. ते वडिलांना म्हणाले, "बिडीवानी नाय हे. कोरडं पडलं की चव गेली. गारव्याला ठेवा, पण भिजू देऊ नका. आन् धूर छातीत नाय घ्यायचा, तोंडात घोळवायचा."

पेटी माठाच्या तिवईखाली गेली. वडील दर रविवारी ती उघडत, एकेक चिरूट फिरवून ठेवत, बोटांनी हलकेच दाबून बघत. ओढत मात्र एकही नसत.

"तो आल्यावर दोघं बसून ओढू," म्हणत.

बापासमोर मुलानं ओढायची आमच्याकडे पद्धत नाही. भाऊ कॉलेजात असताना मोरीमागे बिडी ओढताना सापडला, तेव्हा वडिलांनी तीच बिडी त्याच्या मनगटावर विझवली होती. तेव्हापासून दोघांचा अबोला. मस्कतला निघताना तो आईच्या पाया पडला, वडिलांच्या नाही. वडिलांना माफी मागणं जमण्यातलं नव्हतं. त्याच्यासाठी ती पेटी राखून ठेवणं हीच त्यांची माफी, पण भावाला कळवायचं नाही, असं त्यांनी आम्हाला बजावलं होतं. मला त्यांच्या या ताठ्याची चीड यायची, आजही येते.

भाऊ दर दिवाळीला येतो म्हणायचा आणि यायचा नाही. वडिलांची छाती गेली, डॉक्टरांनी बिडी बंद केली. अंथरुणाला खिळल्यावर ते पेटी उशाशी मागवून चिरूट फिरवत. थंडीच्या दिवसांत ते गेले. भाऊ पोचला तो थेट दहाव्याला.

गोदेच्या काठावर पिंड ठेवला. कावळे समोरच्या भिंतीवर बसून राहिले. कोणी म्हणालं, नातवंडात जीव अडकला असेल. कोणी म्हणालं, आईची काळजी असेल. मला राहवलं नाही. पिशवीतून पेटी काढून मी भावाच्या हातात दिली.

"तुझ्यासोबत ओढायचे होते त्यांना. तू येशील म्हणून एकालाही हात लावला नाही."

त्यानं झाकण उघडलं. चिरूट मऊ होते, नीट राहिले होते. गुरुजी म्हणाले, "एक पेटवून ठेवा पिंडाजवळ."

भावानं चिरूट ओठात धरला. मनगटावरचा डाग दिसला. मग काडी ओढण्याआधी त्यानं पिंडाकडे पाठ केली, चार पावलं बाजूला गेला आणि ओंजळीआड लपवून चिरूट पेटवला.

चिरूट पिंडाजवळ ठेवला, तरी कावळा शिवला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून आम्ही विधी उरकला.