तिसऱ्या तारेवरचं बोट

डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट पाइपच्या जोडात सापडलं आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा मी सलग दोन महिने घरी बसलो. तारापूरच्या एका केमिकल कारखान्यात मी ऑपरेटर. बोट वाचलं, टाके निघाले, पण ते वाकेना. चहाचा कप धरला तरी बाकीची बोटं कामाला आणि हे एकटं ताठ, लग्नात रुसलेल्या जावयासारखं. कंपनीचे डॉक्टर म्हणाले, "बोटाला व्यायाम द्या. महिन्याने बघू. वाकलं तर प्लांटवर, नाही तर गेटवर बसवतील."

गेटवर बसवतील हे त्यांनी वाईट बातमी म्हणून सांगितलं होतं. मला मात्र ते ऐकून बरं वाटलं. गेटवर म्हणजे खुर्ची, पंखा आणि दिवसाची ड्यूटी. रात्रपाळी नाही, वाफ नाही, डब्यातल्या बोंबलालाही लागणारा तो केमिकलचा वास नाही. मी दमलो होतो. आजारी नव्हतो, नुसता दमलो होतो. पण धडधाकट माणसाने दमलो म्हणायची आमच्या घरात रीत नाही, म्हणून मी गप्प बसलो. व्यायामाचा रबरी बॉल कोणी बघत असेल तेव्हा दाबायचो, एरवी तो उशीखाली.

मुलगी पालघरला नर्सिंग शिकते. संध्याकाळी सरावलीला घरी आली की आधी माझा हात बघायची. तिला तो बॉल सापडला. ती चिडली नाही. कॉलेजात हौसेने घेतलेली गिटार दोन वर्षं खिळ्याला लटकत होती, ती काढून तिने माझ्या मांडीवर ठेवली.

"बॉलचा कंटाळा येतो ना तुला? मग ए मायनर कॉर्ड शिक. तिसऱ्या तारेवर नेमकं तेच बोट लागतं."

"मायनर म्हणजे?"

"जरा उदास वाजतं ते."

"मग आनंदाचं शिकव की."

"त्यात तिन्ही बोटं दांड्यावरच्या दोन पट्ट्यांमधल्या एकाच घरात दाटीने बसवावी लागतात. तुझी बोटं बघ केवढी जाड!"

म्हणजे आनंदासाठी माझी बोटं जाड पडली. ठीक आहे म्हटलं. पहिलं बोट दुसऱ्या तारेवर पहिल्या घरात, मधलं चौथ्या तारेवर दुसऱ्या घरात आणि हे रुसलेलं तिसऱ्या तारेवर, मधल्याच्या शेजारी. उजव्या हाताने छेडलं की तिसरी तार नुसती ठक्क करायची.

त्यात माझी प्लांटची खोड. व्हॉल्व बंद झाला तरी आम्ही त्यावर विश्वास ठेवत नाही, वरून अजून एक जोर देतो. तशाच मी तारा दाबायचो. सूर वर चढायचा, बोटांच्या टोकांवर वळ उठायचे.

"बाबा, इथून काय गळणार नाही," मुलगी म्हणायची. "सोड जरा."

सोडायला सांगणारं मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी भेटलं होतं. बायको मासळी साफ करता करता ओरडायची, "पन्नाशीला चळ लागलाय यांना! त्यापरास कोलंबी सोला, बोट वाकंल."

रोजची अर्धा-पाऊण तास शिकवणी. इतकी वर्षं मी घरी यायचो तेव्हा मुलगी शाळेत नाही तर झोपलेली, आणि ती जागी असायची तेव्हा मी झोपलेला. तिला विचार करताना खालचा ओठ चावायची सवय आहे, हे मला आता कळलं. माझी मात्र पंचाईत झाली होती. बोट बरं व्हायला नको होतं आणि सूर तर यायला हवा होता, आणि दोन्ही त्या एकाच बोटावर. चोवीस-पंचवीस दिवसांनी सगळ्या तारा एकदम स्वच्छ वाजल्या. मुलीने टाळ्या वाजवल्या. मला रडू येईल असं वाटलं.

तपासणीच्या दिवशी मी बोट ताठ धरायचं ठरवून गेलो. मुलगी सोबत होती. डॉक्टरांनी विचारलं, "वाकतंय का?" मी तोंड वाकडं करून म्हटलं, "थोडं जड जातंय."

"काय जड?" मुलगी मध्येच बोलली. "सर, बाबा गिटारवर ए मायनर वाजवतात! दाखव ना, बाबा." आणि तिने आपला हात गिटारच्या दांड्यासारखा माझ्यापुढे धरला.

आपलेच दात, आपलेच ओठ. मी तिच्या मनगटावर तिन्ही बोटं ठेवली. रुसलेलं बोट हवं तसं वाकून जागेवर बसलं. डॉक्टर हसले आणि त्यांनी कागदावर फिट लिहिलं. सोमवारपासून पहिली पाळी.

बाहेर आल्याबरोबर मुलीने आईला फोन केला. फोनवरूनही बायकोचा आनंद मला ऐकू आला. रिक्षाची वाट बघत उभे होतो तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "मला गेटवर बसायचं होतं गं. दमलोय मी."

ती आधी हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबली. तिचे डोळे भरले.

"आधी का नाय बोललास? मी शिकवलंच नसतं."

तेच मला माहीत होतं. म्हणून तर बोललो नव्हतो.