दाजी महाराज आणि पलतडचा साकव

दाजींच्या दुकानावरून गुपचूप पुढे जाणं कुणाला जमायचं नाही. रॉकेलचं माप हातात असलं तरी ते तसंच धरून दाजी पायरीवर यायचे, छाती काढायचे आणि भर रस्त्यात विचारायचे, "काय, प्रजा सुखी आसा मां?" समोरच्यानं कमरेत वाकून म्हणायचं, "सुखी आसा, महाराज!" मग दाजी खूश. मासळीची पाटी डोक्यावर असो नाहीतर सासरी निघालेली लेक असो, एवढं बोलल्याशिवाय सुटका नसे.

त्याचं कारण त्यांचा दशावतार. गावच्या हौशी मंडळींच्या नाटकात राजा व्हायचा मान वर्षानुवर्षं दाजींचा. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. कथा तेवढी ठरलेली, बाकी ज्यानं त्यानं आयत्या वेळी सुचेल ते बोलायचं. पण सुरुवात ठरलेली: राजा येणार, प्रधानाला राज्याची हालहवाल विचारणार आणि प्रधान सांगणार, 'प्रजा सुखी आहे, महाराज.' हे दाजींच्या इतकं अंगात भिनलं होतं की गूळ तोलतानाही ते गादीवर बसल्यासारखेच बसत. अंगानं किडकिडीत, उंचीनं बेताचे, पण तोरा विचारू नका!

मिठबावच्या अलीकडच्या त्या गावात मी मास्तरीण म्हणून रुजू झाले, तेव्हा देश स्वतंत्र होऊन फार काळ लोटला नव्हता आणि माझी जीभ आतापेक्षाही तिखट होती. आषाढातल्या एका सकाळी रिकामा वर्ग बघून वैतागून घरी निघाले होते. दाजी पायरीवर आलेच. "बाईंनू, प्रजा सुखी आसा मां?"

"कसली डोंबलाची सुखी!" मी म्हटलं. "व्हाळाला पाणी आलंय. पलतडच्या मुली आता दिवाळीपर्यंत शाळेचं तोंड बघणार नाहीत. सुखी म्हणे!"

दाजी गोंधळलेच. हातातलं माप कलतं होऊन रॉकेल पायावर सांडलं. "असला उत्तर आमच्या नाटकात नाय ओ!" ते पुटपुटले.

पलतड म्हणजे व्हाळापलीकडची वाडी. पावसात तो ओढा असा फुगायचा की जनावरंसुद्धा पाण्यात पाय टाकत नसत. तिथे साकव हवा होता, माणूस चालत जाईल एवढा अरुंद पूल, बस्स. त्यात माझा जीव अडकला होता तो शेवंतीसाठी. माझ्या वर्गातली सगळ्यात हुशार पोर, पण पावसाळाभर घरी बसून चौथीत दोनदा नापास झालेली. तिचा बाप बाबल मला स्पष्ट म्हणाला होता, "बाईंनू, फुडल्या पावसात परत खाडो पडलो तर चेडवाक शाळेतसून काढतलंय. गोरवां राखीत तरी." म्हणजे पुन्हा शाळा बुडाली तर पोरीला काढणार, निदान गुरं तरी राखील.

आणि गाव मात्र कमानीच्या मागे! येत्या सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाला प्रांतसाहेब यायचे होते, म्हणून वेशीवर चिऱ्यांची टोलेजंग स्वागत कमान बांधायचं ठरलं होतं. ह्या कमानीचे म्होरके कोण, तर आमचे दाजीच. वर दोन सिंह हवेत, हा त्यांचा हट्ट. मी साकवाचं काढलं की म्हणत, "साकव होतलो ओ, पण आधी कमान. देश मोठो झालो, मगे कमान बारकी कशी चलतली?" मी हात जोडून घरी यायची. घरी येऊन भांडी आपटायची.

पण दैवानं श्रावणात दाजींची जिरवली. पलतडला भजनाला म्हणून गेले आणि मागोमाग व्हाळाला असं पाणी आलं की महाराज तिकडेच अडकले, बाबलच्या घरी. पेज जेवायची आणि पाणी कधी उतरतं बघत पडवीत बसायचं. परतले ते दुकान न उघडता थेट माझ्या दारात.

"बाईंनू, माझ्या दुकानातली गुळाची पुडी आसता मां, तिचो कागद ता शेवंती चेडू वाचता. रोज तोच कागद! दुसरा काय आसा तिच्याकडे? त्येच्यात लिवलेला, आपलो देश आता मोठो झालो. माका इचारता कसा, दाजीनू, मोठो म्हणजे केवडो? व्हाळाच्या ह्या बाजूक इलो काय तो?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगतलंय! पेज गिळलंय."

त्यानंतर ते कमानीविरुद्ध बोलू लागले, पण ऐकतो कोण? सरपंच तात्यांनी चिरे आणून टाकलेले. "दाजी, तूच सिंह मागितलंस," म्हणून सगळे हसायचे.

सव्वीस जानेवारी आली. चिऱ्यांचं काम रेंगाळल्यामुळे वेशीवर बांबूचीच कमान उभी राहिली, पक्की पुढे बांधायची होती. झेंडावंदन झालं आणि साहेबांच्या मानासाठी एरवी जत्रेत होणारं नाटक शाळेच्या पटांगणात भर दुपारी सुरू झालं. राजा दाजी, प्रधान खुद्द सरपंच तात्या. साहेब खुर्चीवर, गाव खाली, पलतडची माणसं कडेला उभी.

दाजींनी भारदस्त मराठीत विचारलं, "प्रधानजी, आपलं राज्य थोर आहे ना?"

"थोर आहे, महाराज! उंच तट आहेत, गजशाळा भरलेली आहे आणि वेशीवर," तात्यांनी साहेबांकडे बघत आवाज चढवला, "लवकरच भव्य कमान उभी राहणार आहे!"

"ते राहू द्या. व्हाळापलीकडची मुलं श्रावणात पाठशाळेत जातात का?"

तात्या चपापले. "महाराज, शत्रूचं सैन्य सीमेवर..."

"सैन्य थांबेल. जातात का?"

तात्यांना घाम फुटला, चिकटवलेली दाढी एका बाजूनं सुटली. सगळं गाव त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. कडेला शेवंती बापाचा हात धरून उभी होती. अखेर तात्या प्रधान राहिले नाहीत. खाली बघून म्हणाले, "नाय रे दाजी. खंय जातत?"

दाजींनी मुकुट काढून पेटीवर ठेवला आणि राजाची भाषा सोडून म्हणाले, "मगे ह्यो मुकुट माझ्या डोक्याक मोठो होता."

आधी कुणाला कळेचना, हसायचं की काय. साहेबांनीच शांतपणे विचारलं, "सरपंच, हे नाटकातलं की गावातलं?"

"दोन्ही, साहेब," तात्या दाढी धरून म्हणाले.

कमानीचे चिरे त्याच उन्हाळ्यात साकवासाठी व्हाळावर गेले. माणसं दोन्ही काठांनी राबली. दाजींनी परसातले स्वतःचे माड तोडून दिले. पुढे कितीतरी वर्षं ते मला ऐकवायचे, "सिंह ऱ्हवले हां, बाईंनू." सिंहांचं त्यांना खरंच वाईट वाटायचं.

दाजींना जाऊन आता बराच काळ झाला. देश किती मोठा झाला ह्यावर मोठमोठी भाषणं मी ऐकली आणि प्रत्येक भाषणात मला आठवली ती साकव झाल्यावरच्या पहिल्या आषाढातली सकाळ. व्हाळ दुथडी भरून वाहत होता. साकवाच्या ह्या टोकाला दाजी छत्री घेऊन मधोमध उभे, पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं. पहिली पोर आली की चार शब्द बोलायचे, म्हणून रात्रभर जुळवाजुळव केलेली. पलीकडून डोक्यावर इरलं आणि छातीशी पाटी धरून शेवंती आली. दाजींनी घसा खाकरला, हात वर केला.

"दाजीनू, वायच बाजूक सरा," ती न थांबता म्हणाली. "घंटा झाली."

आणि रंगमंचावर उभ्या जन्मात कुणाला वाट न दिलेला तो माणूस अंग चोरून चिखलात उतरला.