न फुगलेला ठिपका

ॲलर्जीच्या डॉक्टरीणबाईंना पेशंट पाठीमागे टोचाबाई म्हणत. दिवसभर लोकांच्या हातांवर थेंब ठेवून सुई टोचायची, हे त्यांचं कामच. पण सुईपेक्षा त्यांची जीभ जास्त टोचायची. घरातलं मांजरही सोडवत नाही आणि शिंकाही नकोत, अशा माणसाला त्या सरळ दार दाखवत. राग नाकाच्या शेंड्यावर, आणि त्याची त्यांना मुळीच लाज नव्हती.

त्या दिवशी सासू-सून भांडतच आत आल्या. आजीच्या कडेवर नात. शेंगदाणा तोंडात गेला की पोरीचे ओठ सुजतात, एकदा तर श्वासच अडकला होता, असं सुनेचं म्हणणं. तपासणीत तसं निघालं तर घरात दाणा येणार नाही, असं ठरलं होतं.

"साप साप म्हणून भुई धोपटते ही," आजी म्हणाली. "आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या दाणे खातात, कुणी मेलं नाही."

"मेलेले तक्रार घेऊन येत नाहीत," म्हणत टोचाबाईंनी सुई उचलली.

थोड्या वेळाने त्यांनी पोरीचा हात पाहिला. दाण्याचा ठिपका सपाट. आजी खुलली. पण शेजारचा पडताळणीचा ठिपकाही सपाट होता, आणि तो तर कुणाच्याही हातावर फुगायलाच हवा. तपासणी खरी की खोटी, हे त्यावरूनच कळतं. फुगला नाही म्हणजे पोटात ॲलर्जीचं औषध आहे. टोचाबाईंचं डोकं सणकलं.

"आठवडाभर औषध देऊ नका म्हणून बजावलं होतं ना?" त्या सुनेवर ओरडल्या.

"नाही दिलं हो!" सुनेचे डोळे भरले.

"मी दिलं," आजी ताठ मानेने म्हणाली. "नाक गळत होतं. आणि त्या सिरपला नावं कशाला ठेवता? ही कामावर गेली की मी यांच्या घरी सांभाळायला येते, आधी सिरप पाजते, मग दाणे देते. ओठ जरासे सुजतात, बस्स. पोरांना सवय लावावी लागते."

सुनेची माफी मागावी असं टोचाबाईंच्या मनात आलं, पण जमलं नाही.

"ते औषध फक्त सूज झाकतं," त्या आजीला म्हणाल्या. "एक दिवस श्वास अडकेल, तेव्हा चमचा शोधायलाही वेळ मिळणार नाही."

सुनेने मुलीला आजीच्या कडेवरून उचललं आणि मोकळा हात पुढे केला.

"आई, आमच्या घराची किल्ली द्या."

आजी हसली. थट्टाच वाटली तिला. सुनेचा हात तसाच पुढे होता.