एल्फ्रीडा क्विरिंगच्या काचघराचा गॅस

एल्फ्रीडा क्विरिंगला रागावलेलं यॉर्क काउंटीत कुणी कधी पाहिलं नव्हतं. नवरा गेला तेव्हा नाही, गारपिटीने काचघराचं अर्धं छप्पर फोडलं तेव्हाही नाही. आमच्या मेनोनाइट ख्रिस्ती मंडळीत राग गिळायला लहानपणीच शिकवतात. शपथ घ्यायची नाही, भांडायचं नाही, कोर्टाची पायरी चढायची नाही. एल्फ्रीडा हे सगळं अडुसष्ट वर्षं निमूटपणे पाळत आली. मग गॅस कंपनीने तिचा गॅस तोडला.

काचघर हा तिचा संसार होता. बाहेर नेब्रास्काचा वारा हाडं फोडत असताना आत टोमॅटो, मिरची आणि कोबीची रोपं बोटभर वर आलेली असायची. मे महिन्यात अर्ध्या काउंटीच्या परसबागा तिच्या ट्रेंमधून उभ्या राहायच्या. या सगळ्याला ऊब मिळायची ती गॅसची, आणि तो गॅस यायचा तिच्याच मक्याच्या शेताखालून गेलेल्या पाइपलाइनमधून.

ही पाइपलाइन दुसऱ्या महायुद्धानंतर तिच्या वडिलांनी शेतातून जाऊ दिली. तेव्हा कंपनीला जमीन हवी होती, त्यामुळे कंपनीच्या जिभेवर साखर होती. मोबदल्यात काय, तर पाइपला एक नळ जोडून घराला गॅस. "पाइप जमिनीत आहे तोवर तुमची शेगडी पेटेल," असं त्यांचा माणूस म्हणाला, वडिलांनी हात मिळवला आणि व्यवहार पक्का झाला. आमच्यात हो म्हणजे हो. पाइपच्या वाटेवरच्या जवळजवळ प्रत्येक घराला असा नळ होता.

पुढे दक्षिणेकडून दुसऱ्या कंपनीने मोठी पाइपलाइन टाकली. दोघींची चुरस लागली. इथेनॉलचा कारखाना नव्या कंपनीकडे गेला, शहरं तिच्यामागून गेली. जुन्या पाइपवर उरले ते आमच्यासारखे शेतघरवाले. आमच्यात नफा नाही, म्हणून जुन्या कंपनीने पाइपचा पश्चिमेकडचा तुकडा बंद करायला वॉशिंग्टनच्या फेडरल आयोगाकडे परवानगी मागितली. अशी परवानगी घ्यायला लावतात कशाला? कंपनीच्या मनात आलं म्हणून माणसं थंडीत पडू नयेत म्हणूनच ना? कायदा तर चांगलाच आहे. फक्त त्यात एक मेख आहे. ज्याला काही म्हणायचं असेल त्याने मुदतीत नाव देऊन त्या प्रकरणात पक्षकार व्हायचं. पक्षकार नसाल, तर पुढे निकालावर दाद मागायला तुम्हाला तोंडच नाही.

चर्चच्या तळघरात बैठक भरली. पीटर रेगियर आमच्या मंडळींचा वडीलधारा, एल्फ्रीडाचा शाळेतला सोबती. स्वभावाने लोण्यासारखा. तो म्हणाला, "पक्षकार व्हायचं म्हणजे कुणाच्या तरी विरुद्ध उभं राहायचं. ते आपल्याला शोभत नाही. इथे घरं आहेत, म्हातारी माणसं आहेत, हे आयोगाला दिसत नाही का? आपण प्रार्थना करू."

माना डोलल्या. एल्फ्रीडाचीही डोलली.

आयोगाचा निकाल आला. पाइप बंद करण्यास वाटेवरच्या कोणीही हरकत घेतलेली नाही, सबब परवानगी देण्यात येत आहे. एल्फ्रीडाने ते वाक्य स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचलं आणि तिचे कान तापले. आम्ही भांडलो नाही, याचा अर्थ आम्हाला चालतंय असा यांनी घेतला? गप्प बसणाऱ्याचं घर आधी लुटायचं, ही कुठली रीत?

त्याच आठवड्यात एक गोरागोमटा तरुण दारात उभा राहिला. गॅस विकणाऱ्या एका कंपनीचा. आमच्याकडे दर वसंताआधी हा बाजार भरतो. चार-पाच कंपन्या, प्रत्येकीची नाव छापलेली टोपी, प्रत्येकीचा भाव, आणि ग्राहकाने निवडायचं.

"मिसेस क्विरिंग, यंदा आमच्याकडे या. निवड तुमची आहे."

"गॅस आणणार कशातून?"

"म्हणजे?"

"पाइप बंद होतोय. तुझा गॅस काय टोपीत भरून आणणार आहेस?"

तो कसनुसं हसला. "पाइप आमचा विषय नाही हो. आम्ही फक्त गॅस विकतो."

मग तिने नव्या कंपनीला फोन लावला. त्या कंपनीचीही पाइपलाइन एल्फ्रीडाच्याच शेताच्या कडेने गेलेली, घरातून दगड मारला तर लागेल एवढ्यावर. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "बाई, आमचा फक्त पाइप आहे. आतला गॅस दुसऱ्यांचा. आणि घरोघर नळ द्यायची सोय आम्ही ठेवलेलीच नाही."

एकाचा गॅस आहे तर पाइप नाही, दुसरीचा पाइप आहे तर गॅस नाही. दोन पाइप एल्फ्रीडाच्या जमिनीत, आणि तिच्या घरात काडी ओढली तर पेटायला काही नाही. याला म्हणे चुरशीचा बाजार.

जुन्या कंपनीचा डेल नळ तोडायला आला तो नेमका फेब्रुवारीत. काचघरात रोपं दोन पानांवर होती.

"डेल, मेपर्यंत थांबता नाही येणार?"

"माझ्या हातात असतं तर थांबलो असतो. प्रोपेनची टाकी मागवली नाहीत का?"

"मागवलीय. सगळा रस्ता एकदम मागवतोय, त्यामुळे माझा नंबर मार्चमध्ये. मला दोन आठवडे दे, दुसरं काही मागत नाही."

"मला आजचीच तारीख दिलीय," डेल म्हणाला. त्याने नळ तोडला, पाइपच्या तोंडाला झाकण बसवलं आणि टोपी काढून निघून गेला. बिचारा वाईट माणूस नव्हता. वाईट माणूस समोर सापडत नाही, हीच यातली खरी चीड आणणारी गोष्ट.

आणि मग आमची मंडळी आली. अशा वेळी आमच्यासारखे आम्हीच. कुणी रॉकेलचे हीटर आणले, कुणी गोधड्या आणल्या, रोपांच्या ट्रेंवर पांघरल्या. हुल्डा रेगियर, पीटरची बायको, झ्वीबाक पावांची मोठी टोपली आणि सुक्या फळांचं प्लूमामूस घेऊन आली. पुरुषांनी पाळ्या लावून हीटर भरले. तरी निम्म्याहून जास्त रोपं गेली. मिरची तर सगळीच काळी पडली.

पीटर गहिवरून म्हणाला, "बघ एल्फ्रीडा, देवाने माणसं धाडली."

एल्फ्रीडाने मेलेल्या मिरचीचा ट्रे बादलीत उपडा केला. "पीटर, तुम्ही सगळे वाऱ्यात उभे राहून हीटर भरलेत. हात फुटले तुमचे. त्याऐवजी एक सही केली असती तर?"

"ते भांडण झालं असतं."

"हो, झालं असतं. आणि माझी रोपं जगली असती. मढ्याला खांदा द्यायला सगळे धावता, जीव आहे तोवर एकालाही नाव लिहवत नाही." तिने पुढचा ट्रे उचलला. "आणि मीही त्यातलीच. माझीही मान डोलली होती."

आमच्यात अशा वेळी कुणी बोलत नाही. पीटर हीटर भरायला निघून गेला.

मार्चमध्ये कळलं, कंपनीने पाइपचा पूर्वेकडचा तुकडाही बंद करायचा अर्ज केलाय. त्या तुकड्यावर पीटरचं घर. एल्फ्रीडाने थेट वॉशिंग्टनला फोन लावला आणि म्हणाली, मला पक्षकार व्हायचंय. पलीकडचा माणूस नम्र होता. त्याने विचारलं, "तुम्हाला या पाइपमधून गॅस मिळतो का?"

"मिळत होता. तुम्हीच बंद केलात."

"मग या प्रकरणात तुमचा हितसंबंध दाखवणं अवघड आहे, मॅडम. गॅस मिळणाऱ्या कुणीतरी अर्ज करायला हवा. मुदत उद्या संपते."

हक्क होता तेव्हा ती गप्प होती. आता बोलायला लागली, तर हक्क नाही. एल्फ्रीडाने फोन ठेवला, स्वतःसाठी आणून ठेवलेला कोरा अर्ज उचलला आणि गाडी पीटरच्या घराकडे वळवली.

ते जेवायच्या तयारीत होते. हुल्डा पनीर भरलेले वेरेनिके उकळत होती. टेबलावर तिसरी ताटली लगेच आली, कारण आमच्यात दारात आलेला माणूस जेवल्याशिवाय जात नाही आणि मांडलेलं ताट कुणी नाकारत नाही.

एल्फ्रीडाने सगळं सांगितलं. पीटरने मान खाली घातली. "मी म्हटलं होतं ना, काही उपयोग नसतो."

"माझ्या सहीचा नाही. तुझ्या सहीचा आहे. तुझा नळ चालू आहे."

"एल्फ्रीडा, आपल्या आजोबांनी यासाठी देश सोडला. कुणाविरुद्ध हात उचलायला नको म्हणून."

"हात उचलू नकोस. पेन उचल."

पीटर हसला नाही, रागावलाही नाही. तोच तो लोण्याचा गोळा. "बस, आधी जेवून घे."

एल्फ्रीडा बसली नाही. ती शेगडीपाशी गेली आणि उकळत्या भांड्याखालची ज्योत तिने बंद केली. पाण्यातली उकळी हळूहळू थांबली.

"सवय करून घ्या," ती म्हणाली. अर्ज टेबलाच्या कडेला ठेवून, मांडलेलं ताट तसंच सोडून ती बाहेर पडली.

पीटरने उठून काडेपेटी शोधून काढली. चर्चच्या बैठकीत आयुष्यात कधी तोंड न उघडलेल्या हुल्डाने ती त्याच्या हातातून काढून घेतली, टेबलावरची त्याची ताटली उचलली आणि त्या जागी अर्ज सरकवला.

"घर माझ्याही नावावर आहे," ती म्हणाली. "तू करणार नसशील तर मी करते."