आत्याबाईंच्या एसीची केशरी बत्ती

माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. आमच्या ऑफिसात जिन्याखालच्या स्टोअरमध्ये कुणाची तरी सावली दिसते म्हणून बायका तिकडे फिरकेनात, तेव्हा डबा घेऊन मुद्दाम तिथेच जेवायला बसणारी मी. या कट्ट्यावरचे भुताखेतांचे अनुभव मी चहाबरोबर वाचते आणि खाली ‘गॅसेस झाले असतील’ असं लिहिणाऱ्यांतली आहे. तेव्हा आज खुशाल हसा, माझी पाळी आली आहे. फक्त एवढंच सांगते, की हे इथे लिहितेय कारण झाशीत कुणाला सांगायची सोय उरलेली नाही.

मी मूळची सांगलीची. सरकारी कंपनीत नोकरी लागली म्हणून झाशीला आले आणि इथल्याच एका जुन्या मराठी घरात सून म्हणून पडले. सासरचे लोक पेशवाईत फौजेबरोबर आले ते परत गेलेच नाहीत. झाशीच्या नगरा भागात आमचं घर आहे. घरात तिघंच — मी, नवरा शिरीष आणि आत्याबाई, म्हणजे सासऱ्यांची धाकटी बहीण. ऐन तारुण्यात विधवा होऊन त्या माहेरी आल्या आणि भावाच्या आधाराने राहिल्या. तो भाऊ, म्हणजे माझे सासरे — आम्ही त्यांना नाना म्हणायचो — दोन वर्षांपूर्वी गेले.

आत्याबाईंची मराठी ऐकण्यासारखी आहे. स्वयंपाकघराला त्या अजून ‘मुदपाकखाना’ म्हणतात आणि पुढच्याच वाक्यात, “बहू, जरा बत्ती जला दे गं.” मला त्याची लाज वाटायची... कंपनीतल्या पुण्या-नाशिकच्या बायका घरी आल्या की जास्तच.

आता एसींचं सांगते, कारण सगळी गोष्ट त्यांचीच आहे. घरात दोन एसी. एक हॉलमध्ये, एक आत्याबाईंच्या खोलीत. दोन्ही जुने, नानांनी घेतलेले. घराचं वायरिंगही त्यांच्याच काळातलं, त्यामुळे दोन्ही एकदम लावले की धाडकन खटका पडतो आणि सगळं घर बंद. म्हणून घरातला नियम — एका वेळी एकच. आणि दुपारी तो एक आत्याबाईंचा. त्यांची खोली पश्चिमेची, उन्हाळ्यात भिंतीला हात लावला तर चटका बसतो. कुणी चुकून हॉलमधला लावला, की नाना पेपरमधून डोकं वर न काढता ओरडायचे, “बाहेरचा बंद करा आधी! बेबी झोपलीय!” बेबी म्हणजे सत्तरीच्या आत्याबाई.

नानांचा आणखी एक रिवाज होता. दाराशी उभं राहून ते बहिणीच्या एसीला टायमर लावायचे, म्हणजे तो थोड्या वेळाने आपोआप बंद होईल आणि तिचे गुडघे आखडणार नाहीत. टायमर लागला की एसीवर एक छोटा केशरी दिवा लागतो. तो दिसला की आत्याबाई निर्धास्त झोपायच्या.

नाना गेले आणि त्या एसीचा रिमोटही गेला. सेल फुटून आतून पार सडला होता. सीपरी बाजारातल्या दुकानदाराने हातात घेऊन बघितला आणि म्हणाला, “भैया, ये मॉडल तो अब कबाड़ में भी नहीं मिलेगा.” मग शिरीषने छोट्या काळ्या डब्या आणल्या. आयआर हब म्हणतात त्यांना. फोनवर बटण दाबलं, की डबी रिमोटसारखाच न दिसणारा उजेड फेकते आणि जुन्या एसीला वाटतं, मालकाने रिमोट दाबला. उजेड भिंतीपार जात नाही, म्हणून दोन खोल्यांत दोन डब्या. एक गोष्ट शिरीषने तेव्हाच सांगितली होती — डबी नुसती सांगते, ऐकत नाही. फोनवर ‘बंद’ दिसलं तर त्याचा अर्थ एवढाच, की तू बंद हो म्हणालीस. तो खरंच झाला का, हे डबीला कळत नाही.

आत्याबाईंच्या एसीसाठी फोनवर नेमका रिमोट सापडला नाही. त्यातल्या त्यात जुळणारा घेतला. त्याने एसी चालू-बंद व्हायचा, तापमान बदलायचं, बस. टायमरचं बटण कितीही दाबा — ढिम्म. सडलेला रिमोट मी दिवाळीत भंगारवाल्याला देऊन टाकला.

यंदाच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची गोष्ट आहे. कंपनीतल्या बायका पहिल्यांदाच आमच्याकडे येणार होत्या, म्हणून मी जरा कंबर कसूनच तयारी केली होती. झोपाळ्यात गौर, पायऱ्यांची आरास, आंब्याची डाळ, पन्हं, ओटीला भिजवलेले हरभरे. आत्याबाईंनी सकाळी बसून कैऱ्या किसून दिल्या आणि नंतर आपणच म्हणाल्या, “मी आतच बरी गं. सवाष्णींत माझं काय काम?”

“असं काय म्हणता आत्याबाई,” असं तोंडदेखलं म्हणाले... आणि आतून मला हायसं वाटलं. बायकांसमोर त्यांचा ‘मुदपाकखाना’ निघणार नाही म्हणून.

साडेचारच्या सुमाराला त्यांना खोलीत नेऊन निजवलं. झाशीचं ऊन त्या वेळीही भाजत असतं. गेल्या उन्हाळ्यात त्यांना त्याच खोलीत उष्म्याने भोवळ आली होती, दवाखान्यात न्यावं लागलं होतं आणि खोली गार ठेवा असं डॉक्टरांनी मलाच बजावलं होतं. हे मला माहीत होतं, विसरले नव्हते. फोनवरून त्यांचा एसी लावला, पंखा लावला, दार ओढून घेतलं.

बायका आल्या. हॉल भरला आणि तापला. शेजारच्या तिवारी भाभी पदराने वारा घेत म्हणाल्या, “अरे भाभीजी, एसी तो दर्शन के लिए लगा रखा है क्या?”

सगळ्या हसल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कंपनीतल्या जोशी वहिनींचं लक्ष माझ्या फोनकडे गेलं. “हे काय, फोनवरून चालतो तुमचा? इतका जुना एसी?”

झालं! हरभऱ्याच्या झाडावर चढायला मला तेवढंच पुरे होतं. मी सगळ्यांच्या मधोमध फोन धरला आणि म्हटलं, “हा काय, आतल्या खोलीतलाही इथूनच चालतो. हे बघा, आतला बंद...” दाबलं. “आणि हा आपला चालू.” हॉलच्या एसीने टीं केलं, झडप उघडली, गार झुळूक आली. बायका म्हणाल्या, वा!

हो, मी आत्याबाईंचा एसी कौतुकाच्या खेळासारखा बंद केला. अर्ध्या तासाने काय होतंय, असं मनात म्हटलं. त्या तशाही झोपल्यात, असंही म्हटलं.

पन्ह्याचे पेले फिरवेपर्यंत हॉलचा एसी टीं करून बंद पडला.

मी हसून परत लावला. पहिली ओटी भरून होते न होते तोच परत टीं, झडप बंद. खटका पडला नव्हता, पंखे चालू होते, दिवे चालू होते — फक्त एसी, आणि तोही कुणी रिमोटने करावा तसा शिस्तीत बंद. हॉलचा खरा रिमोट शाबूत आहे, तो मी शोकेसमधून काढला. त्याने लावला. झुळूक आली, गेली. डबीची वायरच काढून टाकली, पुन्हा रिमोटने लावला — टीं. तोपर्यंत माझं कुंकू नाकावर ओघळलं होतं, जोशी वहिनी घड्याळ बघायला लागल्या होत्या आणि तिवारी भाभी म्हणाल्या, “लगता है आपके एसी को भी मायके जाना है.” इतकी शोभा माझी कधी झाली नव्हती. भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

मग मला सुचलं, की आत्याबाईंच्या खोलीत उभा पंखा आहे. तो आणावा.

हे परत वाचा हवं तर. मी त्यांना बघायला नाही, त्यांचा पंखा आणायला आत गेले.

दार ढकललं आणि अंगावर गारवा आला. चांगला, काटा येण्याइतका गार. आत्याबाईंचा एसी चालू होता. झडप वरच्या बाजूला वळलेली होती, वारा अंगावर न येता छतावरून फिरेल अशी — नाना ठेवायचे तशी. मी कधी ठेवली नव्हती. आणि कोपऱ्यात तो केशरी दिवा लागलेला.

मी हातातला फोन बघितला. ‘आतली खोली — बंद.’

आत्याबाई गळ्यापर्यंत सोलापुरी चादर ओढून गाढ झोपल्या होत्या. माझ्या चाहुलीने डोळे उघडले, आधी त्या दिव्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. इतक्या प्रसन्न हसल्या, की मला बघवेना.

“किती दिसांनी बत्ती लागली गं,” त्या म्हणाल्या. “नानाच्या मागे कोणी लावलीच नव्हती. पाहुण्यांच्या गर्दीत बी आठवण ठेवलीस तू माझी.”

पाठीमागे हालचाल झाली म्हणून वळले तर दारात तिवारी भाभी, आणि त्यांच्या मागे जोशी वहिनी. मदतीला आल्या होत्या. तिवारी भाभींनी एकदा एसीकडे बघितलं, एकदा माझ्या घामेजल्या तोंडाकडे, आणि छातीला हात लावला.

“हाय राम! तो इसलिए बाहर वाला बार-बार बंद हो रहा था? एक ही चलता है न आपके यहाँ? खुद पसीने में बैठी रहीं और बुआजी का चालू रखा! और हम हँस रहे थे!”

जोशी वहिनींचे डोळे पाणावले. “सांगायचं नाही का हो? आम्ही उगाच...”

त्या क्षणी मला म्हणता आलं असतं, की मी बंद केला होता, तुमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. त्यांनी बघितलंही होतं! पण त्यांनी आता त्याचा वेगळाच अर्थ लावला होता, आणि तो मला भलताच शोभून दिसत होता. मी मान खाली घातली. त्याला त्या विनय समजल्या.

मग सगळ्याजणी आत्याबाईंच्या खोलीत येऊन बसल्या, कारण गार तीच होती. आत्याबाईंनी त्यांना मुदपाकखान्यातल्या गोष्टी सांगितल्या आणि बायका पोट धरून हसल्या — त्यांना नव्हे, त्यांच्याबरोबर. कोणालाही त्यांची लाज वाटली नाही. ती फक्त मला वाटत होती, आणि आता तीही जागा बदलून माझ्याच अंगावर येऊन बसली होती.

शिरीषला मी रात्री सगळं सांगितलं, माझं बटण दाबणंसुद्धा. त्याने पुढचे कितीतरी दिवस डोकं फोडलं. शेजाऱ्यांच्या रिमोटचा उजेड? भिंत आहे. आत्याबाईंनी स्टूलवर चढून लावला? त्यांना खाटेवर चढताना आधार लागतो, आणि एसीच्या अंगावरच्या बटणाला टायमर नाहीच. बंदचा इशारा पोचलाच नसेल? हे पटतं. डबी ऐकत नाही, मान्य. पण मग दोन्ही एसी चालू असताना खटका का पडला नाही? आम्ही मुद्दाम दोन्ही लावून बघितले — क्षणात घर बंद. आणि टायमर? शिरीषने फोनवरचे मिळतील तेवढे रिमोट लावून बघितले. तो केशरी दिवा काही लागला नाही. मेकॅनिकने एसी उघडून बघितला आणि म्हणाला, मशीन पुराना है, कभी-कभी अपनी मर्ज़ी से चलता है. या स्पष्टीकरणाचे त्याने पैसे घेतले नाहीत, एवढं बरं.

माझ्याकडे याहून बरं स्पष्टीकरण नाही. नाना होते, असं मी म्हणत नाही... म्हणायला जीभ रेटत नाही. कारण तसं म्हटलं तर हेही म्हणावं लागेल, की जिवंत माणसं घरात असताना त्यांना यावं लागलं.

गोष्ट मात्र झाशीभर झाली. मराठी मंडळात कुणाच्या सुनेला चार शब्द सुनावायचे असले की माझं उदाहरण देतात. लक्ष्मी गेटजवळच्या एका काकूंनी मला घरी बोलावून साडी दिली. ती मी घेतली. कपाटात आहे, घडी मोडलेली नाही.

आता उन्हाळाभर दुपारी आत्याबाईंचा एसी मी स्वतः त्यांच्या खोलीत जाऊन लावते. चालू झालेला डोळ्यांनी बघते, मगच ऑफिसला परत जाते. जेवणाच्या सुट्टीत तेवढ्यासाठी घरी येते. आत्याबाई चादर ओढतात आणि रोज तेच म्हणतात —

“बत्ती लाव ना गं, ती केशरी.”

मी दाबते. दिवा लागत नाही. मी म्हणते, “आज बटण चालत नाहीये, आत्याबाई.”

त्या थोडा वेळ वाट बघतात. मग कूस बदलत, माझी समजूत घातल्यासारखं म्हणतात, “राहू दे. उद्या लाव. तुला येतं, मला ठाऊक आहे.”